पाण्यावरचं खोटं आमिष : कोकणच्या खाड्यांवर नव्याने गरवणाऱ्यांसाठी

कोळंबी किंवा बोय माशाचा तुकडा लावून गरवणारे, म्हणजे गळाने मासे पकडणारे, कोकणात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांना शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही. हा लेख नवख्यांसाठी आहे. मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ पाहून तुम्ही रॉड-रीळ घेतलंय, दुकानदाराच्या आग्रहाने रंगीबेरंगी लुअरचा, म्हणजे खोट्या आमिषांचा, डबाही घेतलाय, आणि आता रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीवर उभं राहून यातलं नेमकं काय बांधावं हे कळत नाहीये. सकाळभर फेकून हात दुखतो, मासा काही लागत नाही आणि मग ‘खाडीत आता मासाच राहिला नाही’ असं म्हणत आपण घरी येतो. मासा कमी झालाय हे खरंच. पण बऱ्याचदा मासा असतो, पाणी मात्र चुकीचं निवडलेलं असतं.

इथे मी फक्त पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषांबद्दल लिहितोय. आपल्या खाड्यांचा तळ कालवांनी, कांदळाच्या (खारफुटीच्या) मुळांनी आणि तुटलेल्या जाळ्यांनी भरलेला असतो. बुडणारं लुअर नवख्याच्या हातून तळाला अडकतं आणि चारशे-पाचशे रुपये पाण्यात जातात. तरंगणारं आमिष तेवढं अडकत नाही. शिवाय मासा त्यावर येतो ते डोळ्यांनी दिसतं, त्यामुळे शिकणं लवकर होतं.

परदेशी व्हिडिओंत ट्राउटसाठी पिसांची, पाण्यावर तरंगणारी ‘कोरडी माशी’ वापरताना तुम्ही पाहिलं असेल. ट्राउटला थंड, वाहतं पाणी लागतं. आपल्या देशात ती काश्मीर-हिमाचलच्या नद्यांत इंग्रजांच्या काळात आणून सोडली गेली. आपल्या कोमट, खाऱ्या खाडीत ती जगणार नाही. पण ती गरवणाऱ्यांचा एक नियम आपण जसाच्या तसा घ्यावा : मासा या घडीला पाण्यावर काय खातोय ते आधी बघायचं, मग त्या मापाचं आणि त्या चालीचं आमिष टाकायचं. ट्राउट पाण्यावर उतरलेले किडे खाते. आपला जिताडा बोय आणि कोळंबी खातो. पद्धत तीच.

१. कोणता मासा, ते आधी ठरवा

खाडीत पाण्यावरच्या आमिषाला येणारे मुख्य मासे दोन. पहिला जिताडा, ज्याला गोव्याकडे चोणक म्हणतात. हा आडोशाला राहणारा मासा. पुलाचा खांब, बुडालेलं लाकूड, कांदळाची कड, उघाडीच्या (खाडीकाठच्या बांधातल्या झडपेच्या) तोंडाशी पडणारी पाण्याची धार अशा जागी तो दबा धरून असतो आणि भक्ष्य जवळ आलं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. दुसरी तांबोशी. ती मुळांमध्ये आणि खडकांच्या कपारीत असते. आमिषावर तुटून पडते आणि पुढच्याच क्षणी परत बिळाकडे वळते.

खाडीच्या मुखाशी आणि खडकांवर कोकर हे मासे येतात, टोळ मासेही येतात. टोळ आमिषामागे उड्या मारत येतो, पण त्याचं तोंड इतकं अरुंद आणि हाडाळ की गळ क्वचितच बसतो. पंधरा मिनिटं टोळच मागे येत असेल तर जागा बदला.

२. भरतीची वेळ काढा

नवख्यांचं बहुतेक सगळं इथेच बिघडतं, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

आपल्याकडे जुनी रीत आहे : तिथीची पाऊणपट करायची. शुद्ध असो वा वद्य, तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की त्या दिवशी भरती साधारण किती वाजता पूर्ण होईल ते कळतं. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती पूर्ण. पंचमीला पावणेचार. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज भरती सुमारे पाऊण ते एक तास पुढे सरकते, ती यामुळेच. मिनिटापर्यंतचा हिशेब हवा असेल तर मोबाइलवरचं भरतीचं अ‍ॅप बघा, पण तेही बंदराची वेळ सांगतं. खाडीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. मुखाशी पाणी उतरायला लागलेलं असतं आणि आतल्या गावात अजून चढत असतं. आपल्या जागेचा फरक दोन-तीनदा घड्याळ लावून बघितला की कायमचा कळतो.

आता उधाण की भांग. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं : पाणी खूप चढतं, खूप उतरतं, जोरात वाहतं आणि गढूळ होतं. अष्टमीच्या आसपास भांग : पाणी कमी हलतं आणि बरंच निवळ असतं. मला स्वतःला पाण्यावरच्या आमिषासाठी या दोन्हींच्या मधले दिवस आवडतात, म्हणजे दशमी-एकादशी किंवा चतुर्थी-पंचमी. पाणी पुरेसं वाहतंही आणि मासा वर बघू शकेल इतपत स्वच्छही असतं. रायगडच्या बाजूला पाणी जेवढं चढतं-उतरतं तेवढं मालवण-वेंगुर्ल्याला नाही, त्यामुळे खाली दक्षिणेत उधाणाचे दिवसही चालून जातात.

कांदळाच्या कडेला सर्वांत चांगली वेळ म्हणजे ओहोटी लागल्यावरचे पहिले दोन-अडीच तास. भरतीला बोय आणि कोळंबी कांदळात शिरलेली असते. पाणी उतरू लागलं की त्यांना बाहेर यावंच लागतं, आणि जिताडा त्या चिंचोळ्या ओहोळाच्या तोंडाशी उभा असतो. खाजणाच्या, म्हणजे बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीच्या, उघाडीतून पाणी बाहेर पडतं तिथेही हाच खेळ. खडकांवर मात्र उलट : चढत्या पाण्यात गरवा. पाणी अजिबात हलत नसेल, ना चढ ना उतार, तर चहा प्या.

दिवसाच्या वेळेत पहाट आणि तिन्हीसांज. पाणी उतरायची वेळ आणि तिन्हीसांज एकत्र येते असे दिवस महिन्यात मोजकेच असतात. चाकरमान्यांनी सुट्टी टाकताना सणवार बघतात तसं हेही बघावं. मोसम म्हणाल तर पावसाचं लाल पाणी निवळल्यावर, साधारण नवरात्रापासून पुढे. थंडीत जिताडा मंदावतो, होळीनंतर पुन्हा जागा होतो आणि मे महिन्यापर्यंत चांगला चालतो.

३. सामान

महागडं काही लागत नाही, पण खाऱ्या पाण्यात टिकणारं लागतं.

— सात ते आठ फुटांचा स्पिनिंग रॉड, १० ते ३५ ग्रॅमचं आमिष फेकू शकेल असा. वजनाची मर्यादा रॉडवर छापलेली असते.
— ३००० किंवा ४००० मापाचं रीळ.
— २० ते ३० पौंडांची ब्रेडेड (विणलेली) लाइन, दीडशे मीटर.
— लीडरसाठी, म्हणजे लाइन आणि आमिष यांच्यामधल्या तुकड्यासाठी, ४० पौंडांचा साधा तंगूस (नायलॉनचा दोरा).
— लांब तोंडाची पक्कड, तार कापायची कात्री, माशाचा जबडा धरायची ग्रिप.
— कपाळावर लावायची बॅटरी, टोपी, पोलराइज्ड गॉगल.
— जाड तळव्याचे बूट. चपला नकोत. कालवांनी पाय कापला तर जखम लवकर भरत नाही.

लीडरबद्दल जास्त बोलायला हवं. दुकानात फ्लोरोकार्बन घ्या म्हणून सांगतील, ते महाग असतं आणि चांगलंही असतं, पण ते पाण्यात बुडतं. बुडणारा लीडर तरंगत्या आमिषाचं नाक खाली ओढतो आणि त्याची चाल बिघडते. तळाशी गरवताना ते वापरा. पाण्यावर साधा तंगूस बरा. लीडर निदान हातभर लांब हवाच, कारण जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी धारदार असते आणि नुसती ब्रेडेड लाइन त्यावर टिकत नाही. याच कारणासाठी त्याच्या कल्ल्यात बोटं घालून त्याला कधी उचलू नका.

४. तीन आमिषं पुरतात

डब्यात वीस असली तरी शिकताना तीनच बाहेर काढा.

*पॉपर.* पुढचं तोंड वाटीसारखं खोल असतं. झटका दिला की ‘भुक्’ असा आवाज करून पाणी उडवतो. पाणी थोडं गढूळ असेल, वाऱ्याने लहरी उठल्या असतील किंवा खडकांवर फेस असेल तेव्हा हा घ्या, कारण मासा त्याला आवाजावरून शोधतो. खाडीसाठी ७ ते ९ सेंटिमीटर, खडकांसाठी १० ते १२. आरशासारख्या शांत पाण्यात मोठा पॉपर टाकलात तर मासे पळतात. तिथे एक तर लहान वापरा, नाहीतर वापरूच नका.

*पेन्सिल.* नावाप्रमाणे लांबट, तोंड गुळगुळीत. आवाज फारसा नाही, पण डावी-उजवीकडे नागमोडी चालतं आणि जखमी बोयसारखं दिसतं. पाणी शांत आणि स्वच्छ असेल तेव्हा माझी पहिली पसंती हीच. शिकायला तिन्हींत कठीण आहे.

*पोकळ रबरी बेडूक.* याचे गळ अंगाला चिकटून वर वळलेले असतात, त्यामुळे तो मुळांवरून, वाहून आलेल्या पाल्यावरून न अडकता सरकतो. कांदळात अगदी आत, जिथे दुसरं काही टाकायची हिंमत होत नाही, तिथे हा टाकायचा. तोटा एकच : मासा येतो पण गळ बसत नाही, असं पुष्कळदा होतं.

यातलं कोणतं, ते ठरवायचं कसं? खाडीवर गेल्या गेल्या रॉड जोडू नका. पाच मिनिटं नुसतं बघा. माझ्या ओळखीचे एक म्हातारे काका खाडीवर येतात, त्यांचा बांबू आणि तंगूस माझ्या रॉडपेक्षा जुना. मी पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा ते आत न बघताच म्हणाले, “बाला, तो डबा ऱ्हवंदे. बोय खंय उडतंय ता बघ.” तेवढंच. बोय बोटाएवढी उडत असेल तर बोटाएवढं आमिष, वीतभर उडत असेल तर मोठं. बोय एकटी-दुकटी सुस्त उडत असेल तर तिच्या मागे कुणी नाही. सगळा थवा एकदम फवाऱ्यासारखा पाण्याबाहेर आला तर खाली कुणीतरी आहे, आणि त्या जागेच्या थोडं पलीकडे आमिष टाकून ते त्यातून ओढत आणायचं. काठाशी बारीक कोळंबी टणाटण उडत असेल तर सगळ्यांत लहान पॉपर घ्या आणि अगदी हलके झटके द्या.

रंगावर फार वेळ घालवू नका. मासा आमिष खालून बघतो, त्याला दिसतं ते पोट आणि आकाशापुढची सावली. पाठीवरचे चट्टेपट्टे आणि चमकणारे डोळे हे दुकानात आलेल्या माणसाला भुलवायला असतात. पोट पांढरं किंवा हाडाच्या रंगाचं असलेलं एक आणि अंधार पडल्यावर वापरायला पूर्ण काळं एक, एवढ्यावर भागतं. काळी आकृती रात्रीच्या आकाशापुढे जास्त उठून दिसते.

एक सापळा : स्वस्त लुअरचे तीन तोंडी गळ पातळ तारेचे असतात. दोन किलोची तांबोशी ते सरळ करून टाकते. आमिष स्वस्त घेतलंत तरी गळ आणि कड्या चांगल्या घेऊन बदला. गळांचे काटे पकडीने दाबून टाका. मासा निसटत नाही, फक्त लाइन ताणलेली ठेवावी लागते. आणि उद्या तोच गळ तुमच्या बोटात शिरला तर सरळ मागे काढता येतो.

५. बांधणी

ब्रेडेड लाइन आणि लीडर जोडायला डबल युनी गाठ शिका. घरी पंख्याखाली बसून शंभरदा बांधा. खाडीवर, वाऱ्यात, अंधारात बांधायची वेळ येतेच. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली की तंगूस घासून कमजोर होतो.

आमिषाला मात्र गाठ घट्ट आवळून बांधू नका. सैल फासाची गाठ मारा किंवा लहान स्नॅप (उघडबंद होणारी कडी) लावा. नाक मोकळं असेल तरच पेन्सिल नागमोडी चालते.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे ओढ बसली की लाइन सोडणारा ब्रेक, घरीच लावून निघा. लाइनच्या ताकदीच्या चौथाई इतक्या ओढीला ती सुटायला हवी. २० पौंडांच्या लाइनला म्हणजे साधारण सव्वादोन किलो. भाजीवाल्याकडचा हुकाचा वजनकाटा लाइनला अडकवून ओढून बघितलं की झालं. तांबोशीच्या जागी थोडा अधिक आवळा, कारण तिला पहिल्या दोन मीटरमध्ये अडवलं नाही तर ती मुळांत गेलीच.

६. खेळवणं

आमिष पडल्यावर लगेच ओढायला सुरुवात करू नका. पडल्याची वर्तुळं विरेपर्यंत तसंच राहू द्या. पुष्कळदा मासा याच वेळात खालून येऊन बघत असतो.

पॉपरला : रॉडचं टोक पाण्याकडे, दोन छोटे झटके, मग थांबा. थांबणं झटक्यांपेक्षा महत्त्वाचं. जिताडा बहुतेक वेळा आमिष थांबलेलं असतानाच घेतो. नवखा माणूस सतत भुक्-भुक्-भुक् करत आणतो आणि खाडीतल्या सगळ्यांना सावध करतो. शांत पाण्यात पाच-सहा आकडे मोजेपर्यंत थांबा, खडकांवर कोकरांसाठी मात्र भराभर ओढा.

पेन्सिलला : लाइन थोडी सैल ठेवून मनगटाने छोटे छोटे टिचके द्यायचे आणि प्रत्येक टिचक्यानंतर लाइन पुन्हा सैल सोडायची. ती सैल सोडली तरच आमिष वळतं. सतत ताणलेली राहिली तर ते ओंडक्यासारखं सरळ येतं.

बेडकाला : कांदळाच्या मुळाशी टाका, तिथून पाण्यात ‘टुपकन’ पडू द्या, आणि काठापासून पहिल्या दीड-दोन मीटरमध्येच खेळवा. पुढे मोकळ्या पाण्यात वेळ घालवू नका, गुंडाळा आणि पुन्हा टाका.

आणि आता सगळ्यांत अवघड गोष्ट. पाणी फुटलं, ‘फट्ट’ आवाज आला, आमिष दिसेनासं झालं. या क्षणी हात आपोआप वर जातो. जाऊ देऊ नका. आवाज म्हणजे मासा लागला असं नव्हे, कित्येकदा पहिल्या फटक्यात तो आमिष नुसतं उडवतो. झटका दिलात तर आमिष त्याच्या तोंडासमोरून निघून तुमच्याकडे गळांसकट उडत येतं. लाइन जड झाली, रॉडचं टोक वाकलं, की मगच एकदा ठाम ओढा. नुसताच फटका बसला आणि वजन लागलं नाही, तर आमिष जिथे आहे तिथेच थांबवा, मग अगदी हलकं थरथरवा. तो परत येतो.

जिताडा लागला की हवेत उडी मारून डोकं झटकतो. उडी मारताना रॉड खाली करा.

७. मासा हातात आल्यावर

जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे चार-पाच किलोच्या वरचा जो मोठा जिताडा फोटोसाठी सगळ्यांना हवा असतो, तीच बहुधा अंडी घालणारी मादी असते. ती सोडून द्यावी असं माझं मत आहे. कालवणाला दीड-दोन किलोचा अधिक चवदार लागतो. सोडायचा असेल तर ओल्या हाताने, पोटाखाली आधार देऊन धरा, पाण्यात उभा धरून ठेवा आणि त्याने स्वतःहून शेपटी मारली की सोडा.

शिंगाळा किंवा शेंगटी लागली तर पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांना हात लावू नका, त्यात विष असतं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा. केंड मासा आमिष कुरतडतो आणि लीडर कातरतो. तो विषारी आहे, घरी नेऊ नका, मांजरालाही घालू नका.

८. परवानगी, कागद आणि जिवाची काळजी

ओळखपत्र जवळ ठेवा. किनाऱ्यावर सागरी पोलीस रात्री विचारपूस करतात आणि ती योग्यच आहे. बंदराच्या जेटीवर उभं राहण्याआधी तिथल्या कार्यालयात विचारा. मालवणला सागरी अभयारण्य आहे, १९८७ मध्ये जाहीर झालेलं, तिथे कुठे गरवता येतं ते वनखात्याकडून समजून घ्या. कांदळवन संरक्षित आहे : जागा मोकळी करायला फांदी तोडणं गुन्हा आहे. उघाडी आणि खाजणं बहुधा कुणाच्या तरी वहिवाटीची असतात. गावात आधी एका माणसाला विचारलंत तर पुढे कुणी हटकत नाही. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील किंवा कुणी पाग (फेकायचं जाळं) टाकत असेल तिथे आमिष फेकू नका. त्यांचं पोट त्यावर आहे, आपली हौस.

वाशिष्ठीच्या खाडीत, चिपळूणच्या बाजूला, मगरी आहेत. तिथे पाण्यात उतरून गरवू नका आणि मासे काठावर साफ करू नका. चिखलात किंवा उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या, म्हणजे वाळूत बसलेलं पाकट (शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) बाजूला होतं. खडकावर जाण्याआधी दहा मिनिटं लाटा बघा. ओला, काळा दिसणारा खडक म्हणजे तिथवर लाट येते. भरती चढताना परतीची वाट मागे बुडत नाहीये ना, हे मधूनमधून बघत राहा. पावसाळ्यात खडकावर जायचंच नाही, कितीही सवय असली तरी. एकट्याने तर बारमाही नाही.

९. घरी आल्यावर

रीळ नळाखाली जोरात धुऊ नका, मिठाचं पाणी आत ढकललं जातं. ड्रॅग आवळून घ्या, ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, मग ड्रॅग पुन्हा सैल करून ठेवा. वापरलेली आमिषं गोड्या पाण्याच्या बादलीत अर्धा तास टाका. एकच ओलं लुअर डब्यात परत ठेवलंत तर आठवड्याने शेजारच्या सगळ्यांचे गळ गंजलेले निघतील. लीडरवरून बोटं फिरवा, कुठे खरखरीत लागला तर तेवढा तुकडा कापून टाका आणि गाठ त्याच रात्री नव्याने बांधून ठेवा.